धाकटीची वेल

आधीच सांगते, यात मीठमिरची लावलेली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझा आग्रह नाही. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्यांची आहे आणि तिचा शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

रात्रीची गोष्ट नाही ही.

भर दुपारची आहे. सहा वर्षांपूर्वीचा मंगळवार, वेळ अडीचची. जागा म्हणजे फोटो फ्रेमचं एक दुकान, गल्लीच्या अगदी टोकाला. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला वह्या-पेनांचं दुकान.

फ्रेमचं दुकान माझ्या दोन आत्या चालवायच्या. मोठी आणि धाकटी. सगळी गल्ली त्यांना तशीच हाक मारायची. दोघींनी लग्न केलं नाही. दुकानाच्या मागेच दोन खोल्या होत्या, तिथे राहायच्या.

फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट असते ना, तिला त्यांच्या धंद्यात माउंट म्हणतात. तो माउंट मोठी कापायची. पोलादी पट्टी, धारदार कटर आणि तिची ती बारीक नजर. एका केसाचाही फरक पडायचा नाही. गल्लीतल्या पोरांनी तिला ‘फूटपट्टी’ नाव ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

मोठीने कापलेल्या त्या पांढऱ्या माउंटवर धाकटी नक्षी काढायची.

वेल काढायची. पानं, कळ्या, बारीक तणावे. फोटोच्या चारी बाजूंनी फिरून वेल जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. पण त्या पानांमध्ये एखादी वस्तू दडवलेली असायची. फोटोतल्या माणसाला जे आवडतं, ते.

त्यासाठी ऑर्डरच्या चिठ्ठीवर धाकटीने एक ओळ वाढवली होती. कोणाचा फोटो, माप किती आणि... काय आवडतं?

ती ओळ भरल्याशिवाय धाकटी ब्रशला हात लावायची नाही. कितीही घाई असो. एका ट्रक ड्रायव्हरच्या वेलीत तिने आंब्याच्या फोडी काढल्या होत्या. एका नर्सबाईंच्या वेलीत गाढ झोपलेली उशी. लोक फोटो घ्यायला यायचे आणि आधी कडेची वस्तू शोधत बसायचे.

मोठीला याचा राग यायचा. कौतुकही वाटायचं, पण राग जास्त.

एक गोष्ट लक्षात घ्या, पुढे लागेल. धाकटीचं टेबल मोठीच्या मागे होतं, खिडकीपाशी. म्हणजे धाकटीला दिवसभर मोठीची पाठ दिसायची. मोठीला मात्र धाकटी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. पाण्याच्या ग्लासात ब्रश खळबळायचा आणि मग ग्लासच्या काठावर तीनदा आपटायचा.

टक... टक... टक.

बावीस वर्षं मोठीने तो आवाज ऐकला. वैतागून म्हणायची, “अगं, डोक्यात खिळे ठोकतेस का माझ्या?”

भांडण झालं ते एका ऑफिसच्या कामावरून. चाळीस कर्मचाऱ्यांचे फोटो होते. माउंट कोरे हवेत, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. धाकटीने चाळीसही माउंटवर कोपऱ्यात एकेक इवलंसं पान काढलं.

चाळीसच्या चाळीस परत आले.

“सांगितलं होतं ना कोरे हवेत म्हणून?” मोठी कडाडली.

“अगं, माणसं आहेत ती. नुसती टांगायची भिंतीला? एक पान तरी...”

“लोक फोटो बघायला येतात, तुझी पानं नाही! उद्यापासून सगळे माउंट कोरे जाणार. आणि तू नसलीस तरी चालेल दुकान.”

धाकटीने ब्रश धुतले, पुसले, ग्लास पालथा घातला आणि आत निघून गेली.

अकरा दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकाच पातेल्यातला चहा प्यायच्या, एकाच खोलीत झोपायच्या, पण शब्द नाही. मोठी म्हणे रोज ठरवायची, आज बोलू. आणि रोज वाटायचं, तिने बोलावं आधी. बाराव्या दिवशी सकाळी धाकटी दूध आणायला गेली आणि रस्त्यातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मोठीने धाकटीशी बोललेलं शेवटचं वाक्य कुठलं, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

मी तिला तेव्हा भेटले होते. ती रडत नव्हती. एकच विचारत होती, पुन्हा पुन्हा, मला, माझ्या बाबांना, शिंप्यालासुद्धा. “तिने मला माफ केलं असेल का?” आम्ही सगळे हो म्हणालो. आमच्या हो म्हणण्याला काय अर्थ होता?

तीन आठवड्यांनी तिने दुकान उघडलं.

पहिलं काम शेजारच्या शिंप्याचं आलं. त्याच्या वारलेल्या आईचा फोटो. मोठीने सवयीने चिठ्ठी लिहिली. काय आवडायचं? शिंपी म्हणाला, “बटणं जमवायची ती. डबे भरून.” मोठीने तेही लिहिलं. लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आता याचा काय उपयोग?

“माउंट कोराच मिळेल,” ती त्याला म्हणाली. शिंपी मान हलवून गेला.

तिने माउंट कापला. चिठ्ठीसकट धाकटीच्या टेबलावर ठेवला. हात तिकडेच गेला, बावीस वर्षांची सवय. मग शटर अर्धं खाली ओढून ती मागच्या खोलीत जेवायला बसली.

अडीच वाजले होते.

बाहेर गल्ली सुस्तावलेली. शिंप्याचं मशीनसुद्धा बंद.

आणि दुकानातून आवाज आला...

टक... टक... टक.

मोठीचा घास हातातच राहिला. तिला वाटलं, नळ गळतोय. पण नळ तर तिच्या शेजारी होता, कोरडा ठणठणीत.

ती उठून दुकानात गेली. कोणी नव्हतं. शटर तसंच अर्धं. खुर्ची तशीच. फक्त...

ग्लास सरळ उभा होता.

धाकटीने पालथा घातलेला ग्लास. मोठीने त्याला तेव्हापासून हातही लावला नव्हता. आता त्यात पाणी होतं आणि ते हिरवट झालेलं होतं.

माउंटच्या डाव्या कोपऱ्यात दोन पानं होती.

मोठीने बोट टेकवलं. बोटाला रंग लागला.

ती तिथेच जमिनीवर बसली, ते शिंप्याने चहा आणून देईपर्यंत बसून राहिली. त्याला काय सांगणार होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी वेल वरच्या कडेने पुढे सरकली. तिसऱ्या दिवशी उजवीकडून खाली आली. शुक्रवारी पूर्ण झाली. पानापानांत बटणं. लाल, पांढरी, शिंपल्याची. आणि एक काळं बटण, अर्धं फुटलेलं.

शिंपी फोटो घ्यायला आला. बघत राहिला. मग त्याचा चेहरा पडला.

“हे फुटलेलं बटण... तुम्हाला कोणी सांगितलं?”

“का?”

“वडिलांच्या कोटाचं होतं. आई उशीखाली ठेवायची. मोठीताई, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.”

गल्लीत बोलबाला झाला की मोठीनेच आता ब्रश धरलाय. वह्यांच्या दुकानातल्या काकूंनी येऊन चिमटाही काढला, “छुपी रुस्तम निघालीस की गं!” आता आमच्या मोठीला चित्रकला किती येते ते मला ठाऊक आहे. लहानपणी तिने मला मांजर काढून दिलं होतं आणि मी त्याला खुर्ची म्हणून रंग दिला होता.

मोठी काकूंपुढे नुसती हसली. घाबरायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. तिला आता एकच ओढ लागली होती, अडीच कधी वाजतात.

एकदा ती दाराआड लपली.

तिला धाकटीला बघायचं होतं. नुसतं एकदा.

आवाज सुरू झाला. पाणी खळबळलं. टक... टक... मोठीने हळूच डोकं बाहेर काढलं.

तिसरी टक आलीच नाही.

खुर्ची रिकामी होती. ब्रश टेबलावर आडवा पडला होता आणि हळूहळू घरंगळत होता. पुढचे दोन दिवस दुकानात काहीही हाललं नाही. मोठी वेड्यासारखी झाली. हात जोडून त्या खुर्चीला म्हणाली, “नाही बघणार गं. पुन्हा नाही बघणार. ये.”

तेव्हापासून दुपारी ती आपल्या टेबलाशी बसू लागली. नेहमीसारखी, धाकटीकडे पाठ करून.

आवाज तिच्या मागे, तीन हातांवर यायचा. खुर्ची करकरायची. ब्रश पुठ्ठ्यावर सरकायचा तोसुद्धा ऐकू यायचा. आधी कधी ऐकू आला नव्हता, इतकी शांत ती आधी कधी बसलीच नव्हती.

आठवड्याभराने मोठीने धीर केला. मान वळवली नाही. समोरच्या शटरकडे बघतच म्हणाली, “माझं चुकलं गं.”

ब्रश थांबला.

मोठीने श्वास रोखून धरला. एक मिनिट गेलं. दोन गेली...

मग ब्रश पुन्हा चालू लागला.

बस्स. एवढंच. त्या थांबण्याचा अर्थ काय, ते मोठीला कळेना. ऐकलं आणि माफ केलं? की ऐकलं आणि सोडून दिलं? ती मला फोनवर सांगत होती तेव्हा पहिल्यांदा रडली. “शिवी दिली असती तरी चाललं असतं,” म्हणाली.

मग तिला सुचलं. धाकटीचाच फोटो ठेवायचा. तिच्या स्वतःच्या फोटोभोवती ती जे काढेल, त्यात उत्तर असेल.

दुकानाच्या पायरीवर बसून हसणारी धाकटी, असा एक फोटो होता. मोठीने त्यासाठी आयुष्यातला सगळ्यात चांगला माउंट कापला. टेबलावर ठेवला.

पहिला दिवस. काही नाही.

दुसरा दिवस. शेजारी ठेवलेल्या एका बाळाच्या फोटोवर पानं आली. धाकटीचा माउंट कोरा.

तिसरा. चौथा. कोराच.

मोठीला वाटलं, झालं, मिळालं उत्तर. सगळ्या जगाला वेली आणि मला...

आणि मग तिच्या लक्षात आलं. बाळाच्या फोटोला चिठ्ठी होती. धाकटीच्या फोटोला चिठ्ठीच नव्हती.

ती धडपडत उठली. चिठ्ठी घेतली. कोणाचा फोटो? लिहिलं, धाकटीचा. माप? लिहिलं.

काय आवडतं?

पेन तिथेच थांबलं.

तिला काही आठवेना. चित्रं, असं लिहायला गेली, पण ते तर काम होतं. गोड आवडायचं का? धाकटी मोठीच्या आवडीचा फिका चहा प्यायची. गाणी? मोठीला दुकानात रेडिओ चालायचा नाही, म्हणून तो कधी लागलाच नाही. रंग कोणता? रविवारी दुपारी ती बाहेर जायची, कुठे जायची? मोठीने कधी विचारलं नव्हतं.

तिने मला फोन केला. “धाकटीला काय आवडायचं गं?”

“मला काय विचारतेस आत्या? तू चोवीस तास होतीस तिच्याबरोबर.”

“तेच ना,” मोठी म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या फोटोला धाकटीने वेल काढली होती. दर वर्षी विचारायची, “यंदा काय आवडतंय आमच्या बाईसाहेबांना?” मी तिला उलट एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या अख्ख्या घरात कुणीच विचारलं नव्हतं.

दोन दिवस मोठीने गल्ली पालथी घातली. शिंपी, काकू, चहावाला. सगळे म्हणाले, फार गोड स्वभावाची होती हो. यापलीकडे कुणाला काही सांगता आलं नाही.

शेवटी तिने त्या ओळीवर खरं तेच लिहिलं.

मला माहीत नाही.

चिठ्ठी माउंटवर ठेवली आणि पाठ करून बसली.

अडीच वाजता आवाज सुरू झाला. नेहमी तासाभरात थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही. साडेतीन झाले, पाच झाले. ग्राहक अर्ध्या शटरखालून डोकावून गेले, मोठीने हातानेच त्यांना परत पाठवलं. उजेड उतरत गेला. आणि मग...

टक... टक... टक.

खुर्ची मागे सरकली.

मोठी आणखी थोडा वेळ तशीच बसली. मग वळली.

वेल पूर्ण झाली होती. इतकी दाट वेल धाकटीने कधीच काढली नव्हती. आणि त्यात एक नाही, कितीतरी वस्तू होत्या. झाडाखालचा एक बाक. एका कानाचा कुत्रा. पिवळी किटली. आगगाडीचं तिकीट. एका पुरुषाची लांब दांड्याची छत्री.

मोठीने यातलं काहीही कधी पाहिलं नव्हतं.

बहिणीचं एक अख्खं आयुष्य समोर पसरलं होतं आणि त्यातलं तिला काडीचंही ठाऊक नव्हतं. तिने भिंग काढलं. पान न् पान बघितलं. ती स्वतःला शोधत होती. मी कुठे आहे? मी आहे का यात?

खालच्या उजव्या कोपऱ्यात सापडलं.

खुर्चीवर बसलेली एक बाई. पाठमोरी. लांब वेणी, अंगात स्वेटर, हातात पट्टी.

पण नुसती पेन्सिलीने काढलेली. तिच्यात रंग भरलेला नव्हता.

मोठीला वाटलं, उद्या भरेल. दुसऱ्या दिवशी तिने ताजं पाणी भरलं, ब्रश ओळीने मांडले, पाठ करून बसली.

आवाज आला नाही.

त्यानंतर कधीच आला नाही. बाकीच्या फोटोंवरही एक पान उमटलं नाही. गल्लीला सांगितलं, हात दुखतो, आता कोरेच माउंट मिळतील.

बाक तिला सापडला. ग्रंथालयाच्या मागे होता. ती तिथे बसली तर एका कानाचा एक म्हातारा कुत्रा आला, तिचे पाय हुंगले आणि निघून गेला. छत्रीवाला माणूस सापडला नाही. दर रविवारी ती जाऊन बसायची, अजून जाते.

तो फोटो तिने फ्रेम केला, पण काच बसवली नाही. “काच बसवली तर ती रंग कसा भरेल?” म्हणाली. सहा वर्षं तो तसाच उघडा आहे. मोठी रोज त्याच्यावरची धूळ मऊ ब्रशने झटकते.

आता माझं सांगते.

मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. खूप वाळली आहे. दुकानातून मागच्या खोलीत जाताना दोनदा थांबते. पण चेहरा नुसता फुललेला. मला हाताला धरून फोटोपाशी नेलं.

“बघ!”

मी वाकून बघितलं. कोपऱ्यातल्या त्या बाईची वेणी...

काळी झाली होती.

ओली चमक होती तिच्यावर. मी बोट लावलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

“आत्या, तू रंगवलीस?”

“मला मांजर तरी येतं का काढता?” मोठी हसली. किती वर्षांनी हसली. “सुरुवात केलीये तिने. बघशील तू, स्वेटर निळा करेल आता. माझा निळा स्वेटर तिच्या लक्षात असणारच.”

घरी येताना बसमध्ये माझ्या अंगावर काटा होता. मला भूत वगैरेची भीती वाटत नाही, धाकटी आमचीच आहे. मला भीती दुसरीच वाटते. मोठी आता फक्त त्या रंगासाठी थांबली आहे. तो भरून झाला की ती कशासाठी थांबेल?

दुसऱ्याच दिवशी मी मापाने काच कापून आणली. ठरवलं होतं, मोठी बाजारात गेली की बसवून टाकायची. खिळे मारून पक्की.

परवा तिचा फोन आला. आवाजात दम नव्हता, पण लहान मुलीसारखी सांगत होती. “अगं, एक बाही झाली. निळीच आहे.”

काच माझ्या दाराशी उभी आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी अजून ती उचललेली नाही.